लहान-मोठी संख्या ओळखायला शिकवताना: आधी गठ्ठे, मग अंक, चिन्ह सगळ्यांत शेवटी

पहिलीतल्या मुलासमोर २९ आणि ४१ लिहा आणि मोठी संख्या कोणती ते विचारा. बरीच मुलं २९ म्हणतात आणि का म्हणून विचारलं की ९ वर बोट ठेवतात. समोरच्या चार अंकांत नऊच सगळ्यांत मोठा आहे, म्हणजे तुलना करायला मुलाला येतंय. त्याला दिसत नाही ते एवढंच, की ४१ मधला चार म्हणजे चार नाही, चाळीस आहे.

अशा वेळी ‘डावीकडचा अंक बघ, तो मोठा तर संख्या मोठी’ असं सांगून टाकलं की वही लगेच बरोबर दिसू लागते. मग ९८ आणि १०२ समोर येतात. मूल डावीकडे बघतं, एकापेक्षा नऊ मोठा म्हणून ९८ ला मोठी ठरवतं. आपण दिलेला नियम त्याने तंतोतंत पाळलेला असतो. म्हणून नियम शेवटी येऊ द्यायचा आणि तोही मुलाच्या तोंडून.

खालचा क्रम पहिली-दुसरीच्या मुलांसाठी आहे. निपुण भारत अभियानाच्या लक्ष्यांत पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या आणि दुसरीअखेर ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणं अपेक्षित आहे, त्यामुळे घाई करायचं कारण नाही.

आधी दोन गोष्टी तपासा

टेबलावर १७ चिंचोके ठेवा आणि मोजायला सांगा. मोजून झाल्यावर लगेच ‘किती आहेत?’ विचारा. मूल ‘सतरा’ म्हणालं तर ठीक. पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलं तर शेवटचा आकडा म्हणजे एकूण वस्तू, हे अजून पक्कं झालेलं नाही. दुसरी तपासणी: ७ आणि ९ चिंचोक्यांचे दोन ढीग द्या. मुलाने न मोजता एकास एक जोड्या लावून, उरलेल्या दोनांकडे बघून ‘इथे जास्त’ असं सांगायला हवं. ही जोड्या लावायची युक्ती पुढे दशकांनाही लागणार आहे. यातलं एखादं जमत नसेल तर आधी तिथेच काही दिवस घालवा.

साहित्य

आइस्क्रीमच्या १०० काड्या आणि डझनभर रबर बँड पुरतात. खराट्याच्या काड्याही चालतील, फक्त सगळ्या एकाच लांबीच्या कापा आणि टोकं बोथट करा. दहाचा गठ्ठा मुलाला स्वतः बांधता आणि सोडता आला पाहिजे, म्हणून रबर बँड सैलसर घ्या. शाळेच्या गणित पेटीतले दशकदांडे छान दिसतात, पण दांडा मोडून आत दहा आहेत का हे बघता येत नाही. सुरुवातीला काड्याच बऱ्या. दशकाच्या काड्या लाल आणि एककाच्या निळ्या असं रंगवू नका. मुलं मग संख्येची किंमत रंगावरून ठरवतात आणि वहीत रंग नसतो.

एका मोठ्या कागदावर उभी रेघ मारून डावीकडे ‘दशक’, उजवीकडे ‘एकक’ लिहा. असे दोन तक्ते हवेत, दोन संख्यांसाठी दोन. शिकवताना मुलाच्या शेजारी बसा. समोर बसलात तर तुमचं डावं ते त्याचं उजवं होतं आणि नेमकं डावं-उजवं हाच इथला मुद्दा आहे.

तिसरी वस्तू म्हणजे अंकपट्ट्या. जाड कागदाच्या ५ सेंमी उंचीच्या पट्ट्या कापा: १ ते ९ साठी ४ सेंमी रुंद, १० ते ९० साठी ८ सेंमी, १०० ते ९०० साठी १२ सेंमी. एकूण २७ पट्ट्या होतात. प्रत्येक अंकाला बरोबर ४ सेंमी जागा द्या आणि अंक त्या जागेच्या मधोमध लिहा. ४० च्या पट्टीवर उजवीकडून ३ ची पट्टी ठेवली की शून्य झाकलं जातं आणि ४३ दिसतात. वरची पट्टी उचलली की खालचे चाळीस जसेच्या तसे असतात.

पहिली पायरी: गठ्ठे बांधणं

३४ सुट्या काड्या द्या. ‘दहा झाल्या की बांध’ एवढंच सांगा. तीन गठ्ठे तयार होतात, चार काड्या सुट्या राहतात. गठ्ठे दशकाच्या घरात, सुट्या एककाच्या घरात. मग म्हणवून घ्या: ‘तीन दशक चार एकक, तीस आणि चार, चौतीस.’

ही तिहेरी म्हण मराठीत फार गरजेची आहे. आपण ‘त्रेचाळीस’ म्हणतो तेव्हा कानावर आधी तीन येतात, मग चाळीस. लिहिताना मात्र चार आधी लिहायचे. कान एकक आधी देतो, डोळ्याला दशक आधी लागतं. त्रेचाळीस ऐकून ३४ लिहिणारं मूल ऐकलं त्या क्रमाने लिहितं आहे, बेशिस्त नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली ती याच अडचणीमुळे. त्यावर बराच वाद झाला. कानडी-तेलुगूत दशक आधीच उच्चारलं जातं, त्यामुळे तिथल्या मुलांपुढे एकविसाच्या पुढे हा पेच येत नाही. आमचं मत असं, की ‘चाळीस तीन’ पायरी म्हणून जरूर वापरावं आणि ‘त्रेचाळीस’ही सोबत म्हणावं. बाजारात आणि घरात मुलाला तेच ऐकायचं आहे.

श्रुतलेखन घेताना उत्तराकडे नाही, पेन्सिलीकडे बघा. काही मुलं आधी ३ लिहितात, डावीकडे जागा सोडलेली असते, मग तिथे ४ लिहितात. वहीत ४३ बरोबर दिसतात, म्हणून हे लक्षात येत नाही. जागा सोडायला विसरली की तीच मुलं ३४ लिहितात. अशा मुलाला संख्या ऐकल्यावर आधी दशकाची पट्टी उचलायला सांगा, मग एककाची आणि त्यानंतर लिहायला. हात आपोआप डावीकडून सुरू होतो.

एकोणवाली नावं वेगळी घ्या. ‘एकोणचाळीस’ ऐकलं की कानात चाळीस राहतात आणि मूल ४९ लिहून मोकळं होतं. चार गठ्ठे मांडा, एक सोडा, त्यातली एक काडी बाजूला काढा. उरले तीन गठ्ठे आणि नऊ सुट्या. ‘चाळीसला एक कमी’ हे एकदा हाताने केलं की एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसाठ भराभर जमतात. नव्याण्णवचं नाव तेवढं या चालीचं नाही, ते निराळं सांगा.

दुसरी पायरी: गठ्ठा मोठा की सुट्या?

एका तक्त्यावर फक्त ३ गठ्ठे, दुसऱ्यावर फक्त ८ सुट्या काड्या. ‘काड्या कुठे जास्त?’ काही मुलं आठ म्हणतात, कारण इकडे तीन वस्तू दिसतात आणि तिकडे आठ. दुरुस्त करू नका, ‘सोडून मोजू या’ म्हणा. गठ्ठे सुटले, तीस काड्या पसरल्या, की मूल स्वतःच उत्तर बदलतं. मग १ गठ्ठा आणि ९ सुट्या द्या. ही जोडी सगळ्यांत महत्त्वाची आहे. दहाची एक नोट आणि एक रुपयाची नऊ नाणी घेऊनही हाच प्रश्न विचारा. पैसे हाताळणारी मुलं इथे पटकन सांगतात. पण नाण्यांचा ढीग बघून भुलणारीही असतात, त्यांच्याकडून एक-एक नाणं मोजून घ्या.

तिसरी पायरी: दशकं वेगळी असलेल्या संख्या

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. रोज वीस मिनिटं धरली तरी तीन-चार दिवस सहज जातात.

४१ आणि २९ मांडा, एक तक्ता वर, दुसरा बरोबर खाली. गठ्ठ्याखाली गठ्ठा अशा जोड्या लावा. वर दोन गठ्ठे जास्त उरतात. आता खालच्या नऊ सुट्यांकडे बोट दाखवून विचारा: ‘या नऊ मिळून वरच्या एका उरलेल्या गठ्ठ्याएवढ्या होतील का?’ होत नाहीत, एक कमीच पडते. ‘आणखी एक दिली तर?’ मग दहा होतील, पण दहा झाल्या की गठ्ठाच बांधावा लागेल.

दशकाचा अंक निकाल लावतो तो याच कारणाने. सुट्या कधीही नऊच्या पुढे जात नाहीत, म्हणून सगळ्या सुट्या मिळूनही एका गठ्ठ्याची बरोबरी करू शकत नाहीत. हे वाक्य पाठ करून घेऊ नका. ४१ व २९, ३२ व १८, ५० व २७ अशा जोड्या रोज मांडत राहा. जोड्या निवडताना दोन्ही संख्यांची बेरीज शंभराच्या आत ठेवा, म्हणजे काड्या पुरतील. दोन-तीन दिवसांनी मूल सुट्यांकडे न बघताच उत्तर देऊ लागतं. तेव्हा विचारा, ‘सुट्या का नाही बघितल्यास?’ जे उत्तर येईल तोच त्याचा नियम.

शेवटी ४० आणि ३९ द्या. एका बाजूला सुटी एकही नाही, दुसरीकडे नऊ. इथे अडखळलं तर दुसऱ्या पायरीवर परत जा.

या पायरीवर ‘मोठा अंक कोणता?’ असं चुकूनही विचारू नका. २९ आणि ४१ मधला मोठा अंक खरोखरच ९ आहे, मुलाचं उत्तर त्या प्रश्नाला बरोबर ठरतं. ‘मोठी संख्या कोणती?’ असंच विचारा. वस्तू समोर असतील तर ‘जास्त काड्या कुठे?’ हे त्याहून चांगलं. शिकवणाऱ्याच्या तोंडात अंक आणि संख्या हे शब्द एकमेकांच्या जागी येत असतील, तर मुलाच्या डोक्यातही त्यांची सरमिसळ होते.

चौथी पायरी: दशकं सारखी

४६ आणि ४३. चार गठ्ठ्यांच्या जोड्या लागल्या, उरलं काही नाही, मग सुट्यांकडे वळायचं. हे मुलं लवकर पकडतात, एक दिवस पुरतो. त्यानंतर ४३ आणि ३४ ही उलटसुलट जोडी घ्या. अंक तेच, जागा बदललेल्या. पट्ट्यांवर ४० वर ३ आणि ३० वर ४ ठेवून दोन्ही वरच्या पट्ट्या उचलून दाखवा. ५७–७५ आणि ६७–७६ या जोड्या बोलून विचारा: ‘सत्तावन्न मोठी की पंचाहत्तर?’ आधी सात ऐकू आले म्हणून सत्तावन्न म्हणणारं मूल कानावर विसंबून आहे. त्याला ऐकल्यावर पट्टी उचलायची आणि बघून उत्तर द्यायची सवय लावा.

पाचवी पायरी: झाकलेला अंक

काड्या बाजूला ठेवा. कागदावर दोन संख्या लिहा आणि त्यातले काही अंक कागदाच्या चौकोनाने झाका.

५▢ आणि ३▢: सांगता येईल का? येईल.
▢९ आणि ▢२: सांगता येईल का? नाही.
६▢ आणि ६▢: नाही. इथे कोणता चौकोन उचलू?

एकक उघडे ठेवून दशकं झाकलेली असताना ‘सांगता येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला स्थानिक किंमत कळली आहे. ▢९ लाच मोठी म्हणणारं मूल अजून अंकच बघतंय, मग त्याच्या वहीतली उत्तरं कितीही बरोबर असोत. आमच्या मते छापील कार्यपत्रकांच्या पाच पानांपेक्षा हे तीन प्रश्न जास्त सांगतात.

वाचनातली चूक आणि तुलनेतली चूक यांत मात्र गल्लत करू नका. देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दिसतात, तर १ आणि ९ घाईत लिहिले की सारखेच दिसतात. उत्तर चुकलं तर आधी दोन्ही संख्या मोठ्याने वाचून घ्या. सेमी-इंग्रजीच्या मुलांना दोन्ही लिप्यांतले अंक भेटतात. त्यांच्याशी एका बैठकीत एकाच लिपीतले अंक आणि एकाच भाषेतली नावं वापरा.

सहावी पायरी: चिन्ह

एवढं झाल्यावर < आणि > आणा. मोठ्या संख्येकडे चिन्हाची उघडी बाजू येते, लहानकडे टोक. मगरीचं तोंड, मोठा घास ही गंमत सगळीकडे सांगतात. त्याने चिन्ह काढता येतं, वाचता येत नाही. आणि पुढे मधला चौकोन भरण्यापेक्षा ‘__ < ५२’ मध्ये बसेल अशी संख्या शोधायचा प्रश्न येतो, तेव्हा वाचताच यावं लागतं. ठिपक्यांची रीत जास्त भरवशाची: मोठ्या संख्येजवळ वर-खाली दोन ठिपके, लहान संख्येजवळ मधोमध एक, मग एका ठिपक्यापासून दोन रेघा. चिन्ह आपोआप बरोबर दिशेला होतं.

वाचनात मराठीची आणखी एक अडचण आहे. ४३ > ३४ हे डावीकडून एकेक वाचत गेलं तर मूल म्हणतं, ‘त्रेचाळीस… पेक्षा मोठी… चौतीस.’ याचा अर्थ बरोबर उलटा झाला! आपल्या वाक्यात ‘मोठी आहे’ शेवटी येतं, चिन्ह मात्र मध्ये असतं. म्हणून वाचनाची पट्टी ठरवून द्या: पहिली संख्या, मग ‘ही’, मग दुसरी संख्या, मग ‘पेक्षा मोठी’. ‘त्रेचाळीस ही चौतीसपेक्षा मोठी.’ बोट चिन्हावर थांबू द्यायचं नाही, दुसऱ्या संख्येवर जाऊन परत चिन्हावर आणायचं. आठवडाभर प्रत्येक उदाहरण असंच वाचून घ्या. = हे चिन्हही सोबत ठेवा आणि अधूनमधून ‘३ दशक ५ एकक’ व ३५ अशी जोडी द्या. नाहीतर मुलांना दोनच चिन्हं आहेत असं वाटतं.

सातवी पायरी: तीन अंकी संख्या

दहा गठ्ठे एकत्र बांधून शंभराचा मोठा गठ्ठा एकदा तरी करा, मुलांना तो हातात घेऊन बघायला आवडतो. पुढे काड्या पुरत नाहीत, तेव्हा खेळातल्या १००, १० आणि १ च्या नोटांवर या. तक्त्याला डावीकडे ‘शतक’चं घर जोडा.

पहिली जोडी ९८ आणि १०२ चीच घ्या. तक्त्यात मांडलं की ९८ चं शतकाचं घर रिकामं दिसतं. डावीकडचा अंक बघायचा नसून सर्वांत मोठ्या घरातला अंक बघायचा आहे, हे इथे स्पष्ट होतं. ‘ज्यात अंक जास्त ती संख्या मोठी’ असं सुटं सूत्र देऊ नका. पूर्ण संख्यांना ते लागू पडतं, पण दशांश अपूर्णांक आले की ३.४५ ला ३.५ पेक्षा मोठं म्हणणारी मुलं याच सूत्रावर चाललेली असतात.

दुसरी ठेच शून्याची. ‘तीनशे पाच’ ऐकून मुलं ३००५ लिहितात, कारण तीनशेचे ३०० आणि पुढे ५. ३०० च्या पट्टीवर उजव्या कडेला ५ ची पट्टी ठेवून घ्या. शेवटचं शून्य झाकलं गेलं, मधलं राहिलं, ३०५ दिसले. मग ३०५ आणि ३५० ची तुलना नोटांनी करा: दोन्हीकडे तीन शंभराच्या, एकीकडे दहाची एकही नाही, दुसरीकडे पाच. त्यानंतर २९९ आणि ३०१, ४७६ आणि ४६७, ५०९ आणि ५९०.

चढता-उतरता क्रम लावताना मुलं पहिल्या दोन संख्यांची तुलना करतात आणि तिसरी शेवटी टाकून देतात. तीन संख्या चिठ्ठ्यांवर लिहून द्या, म्हणजे हलवता येतात. दोरी बांधून तिच्या एका टोकाला ०, दुसऱ्याला १०० आणि मध्ये ५० लावा, चिठ्ठ्या कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवू द्या. ४८ पन्नासच्या किती जवळ अडकवतात ते बघा.

सरावाचा खेळ

दोन मुलं, १ ते ९ अंकांच्या चिठ्ठ्यांचे दोन संच पालथे. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि दशकात ठेवायची की एककात ते लगेच ठरवायचं, नंतर बदल नाही. मग दुसरी चिठ्ठी उरलेल्या घरात. मोठी संख्या करणारा जिंकला. पाच डावांनंतर नियम उलटा करा: लहान संख्या करणारा जिंकला. पहिली चिठ्ठी ५ ची आली की मूल विचारात पडतं. त्या क्षणी ‘कुठे ठेवू?’ असं विचारलं तर उत्तर सांगू नका, ‘कुठे ठेवलीस तर तिचे किती होतील?’ एवढंच विचारा.

पुढे कधी जायचं

मुलाला हे चार प्रश्न काड्यांशिवाय विचारा. ३९ आणि ४० मध्ये मोठी कोणती आणि का? ▢८ व ▢३ मध्ये सांगता येईल का? ‘__ < ३१’ मध्ये बसतील अशा दोन संख्या सांग, एक तिसाच्या जवळची आणि एक दूरची. ७, ०, ४ वापरून सर्वांत लहान तीन अंकी संख्या कर. पहिला प्रश्न अडला तर तिसऱ्या पायरीवर परत जा, दुसरा अडला तर पाचव्या, तिसरा अडला तर सहाव्या. चौथ्यात ०४७ असं उत्तर आलं तर ती संख्या नोटांनी मांडायला सांगा. शतकाचं घर रिकामं राहिलेलं बघून बरीच मुलं स्वतःच ४०७ वर येतात. हा प्रश्न फक्त दुसरीच्या मुलांना विचारा, पहिलीसाठी आधीचे तीन पुरेत.